ख्रिस्तेतर मुळांचे सण आणि ख्रिस्ती सदसद्विवेक : प्रस्तावना

ज्या सणाची तारीख, विधी किंवा चालीरीती ख्रिस्तेतर उपासनेतून आल्याचे सांगितले जाते, त्या सणात ख्रिस्ती माणसाने भाग घ्यावा की घेऊ नये, हा वाद ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकापासून चालत आला आहे. पहिल्या शतकातील करिंथ, सातव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे इंग्लंड, सतराव्या शतकातील मॅसॅच्युसेट्स आणि अठराव्या शतकातील गोवा अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी तो निरनिराळ्या रूपांत उभा राहिला, आणि एकाच पवित्र शास्त्राचा आधार घेणाऱ्यांनी त्यावर परस्परविरुद्ध निवाडे दिले. इंग्रजीतून आलेला ‘पेगन’ हा शब्द रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती लेखकांनी सर्व बहुदैवतपूजकांना सरसकट लावला आणि त्याला चिकटलेली हेटाळणी अजून गेलेली नाही. म्हणून येथे ‘ख्रिस्तेतर’ हाच शब्द वापरला आहे.

या वादात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रश्न नाताळ किंवा ईस्टर यांसारख्या सणांचा आहे, जे आज पूर्णपणे ख्रिस्ती आहेत, पण ज्यांचे मूळ ख्रिस्तेतर असल्याचा आरोप केला जातो. दुसरा प्रश्न जे सण आजही दुसऱ्या धर्माचे जिवंत सण आहेत, त्यांत शेजारी, आप्त किंवा नागरिक या नात्याने सहभागी होण्याचा आहे. पहिल्या प्रश्नात इतिहास तपासावा लागतो, तर दुसऱ्यात आज, डोळ्यांदेखत घडणारी कृती. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले, किंवा दुसऱ्याची भीती पहिल्यावर लादली, की वाद वाढतो आणि निर्णय मात्र होत नाही.

दोन्ही प्रश्नांचा पाया नव्या करारातील पौलाच्या पत्रांत सापडतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा विचार करतो, कारण त्या शहरात बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा देवळातून आलेले असे. त्याने तीन प्रसंग वेगळे काढले आहेत. बाजारातले मांस चौकशी न करता घ्यावे. ख्रिस्तेतर यजमानाने जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खावे, पण हा नैवेद्य आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्या सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीखातर खाऊ नये. आणि देवळातील यज्ञाच्या पंगतीत मात्र बसू नये, कारण प्रभूचे मेज आणि दुसऱ्या दैवतांचे मेज या दोहोंत एकाच वेळी वाटेकरी होता येत नाही. वस्तू तीच राहते, पण ती कोणासमोर, कोणत्या कृतीचा भाग म्हणून आणि कोणाच्या देखत घेतली जाते यावर निर्णय बदलतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, एक जण एक दिवस विशेष मानतो आणि दुसरा सर्व दिवस सारखे मानतो, तेव्हा प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असे तो सुचवतो. गलतीकरांना मात्र दिवस, महिने आणि ऋतू पाळण्यावरून तो कडक शब्दांत फटकारतो. पुढच्या एकोणीस शतकांतील उदारांनी रोमकरांस लिहिलेले पत्र उद्धृत केले आणि कडव्यांनी गलतीकरांस लिहिलेले. दोन्ही पत्रे एकाच लेखकाची आहेत, हे मात्र दोघांनीही फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

या शिकवणीचा रोजच्या व्यवहारातील कस उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या तर्तुल्यनने पाहिला. इ.स. २०० च्या सुमारास मूर्तिपूजेवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने सॅटर्नेलिया हा डिसेंबरातील शनिदेवतेचा उत्सव आणि जानेवारीच्या आरंभीच्या भेटवस्तू यांत रमणाऱ्या ख्रिस्ती लोकांची खरडपट्टी काढली आहे. सणाच्या दिवशी दिवे आणि पानांच्या माळा ख्रिस्तेतरांच्या दारांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्याच दारांवर जास्त दिसतात, अशी त्याची तक्रार होती. तर्तुल्यन कर्मठ म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याच ग्रंथात तो वाङ्निश्चय, विवाह, बारसे किंवा मुलगा वयात आल्याचा समारंभ यांना जाण्याची मोकळीक देतो, जरी तेथे यजमान बली देत असला तरी. बोलावणे बली देण्यासाठी असेल तर जाऊ नये. नात्यासाठी असेल तर जावे आणि त्या विधीपुरते केवळ प्रेक्षक राहावे, अशी रेघ त्याने ओढली. आज आंतरधर्मीय नात्यागोत्यांत वावरणाऱ्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी हीच रेघ तर्तुल्यनचे नावही न ऐकता ओढलेली असते.

नाताळाविषयीचा आरोप सर्वांत प्रसिद्ध आहे, म्हणून त्याचा पुरावा बारकाईने पाहणे आवश्यक ठरते. येशूचा जन्मदिवस शुभवर्तमानांत दिलेला नाही. २५ डिसेंबर या तारखेची पहिली खात्रीची नोंद रोममधील ज्या संग्रहात मिळते तो इ.स. ३५४ चा आहे आणि त्यातील संबंधित यादी ३३६ ची मानली जाते. त्याच संग्रहातील नागरी पंचांगात त्याच तारखेपुढे ‘अजिंक्या’चा जन्मदिन म्हणून रथांच्या तीस शर्यतींची नोंद आहे, आणि हा ‘अजिंक्य’ म्हणजे ज्याचे मंदिर सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये उभारले तो सूर्यदेव, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यावरून ख्रिस्ती धर्मपीठाने सूर्याचा सण उचलला असा निष्कर्ष काढला जातो. परंतु २५ डिसेंबरचा सूर्योत्सव सांगणारा याहून जुना पुरावा उपलब्ध नाही, म्हणजे दोन्ही नोंदी एकाच कागदपत्रात प्रथम भेटतात. सॅटर्नेलियाचा संबंध तर त्याहून दुबळा आहे, कारण तो उत्सव १७ डिसेंबरला सुरू होऊन २५ तारखेच्या आधीच संपत असे.

दुसरे स्पष्टीकरण गणनेचे आहे. वधस्तंभावरील मृत्यूची तारीख २५ मार्च होती असा समज लॅटिन ख्रिस्ती लेखकांत तर्तुल्यनच्या काळापासून होता. येशूची गर्भधारणाही त्याच तारखेला झाली अशी समजूत त्याला जोडली गेली, आणि तेथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने ही सांगड स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे, आणि १८८९ मध्ये लुई द्युशेन या फ्रेंच इतिहासकाराने तिच्यावर आपला सिद्धान्त उभा केला. अर्थात गणनेच्या या मार्गातही सूर्य पूर्णपणे बाजूला पडत नाही, कारण रोमन पंचांगाप्रमाणे २५ मार्च हा विषुवदिन आणि २५ डिसेंबर हा उत्तरायणारंभ मानला जाई. तारीख सूर्योत्सवाला शह देण्यासाठी मुद्दाम हलवली, असे स्पष्ट सांगणारी प्रसिद्ध नोंद बाराव्या शतकातील सिरियन लेखक बार सलीबी याच्या ग्रंथावर कोणा अज्ञाताने लिहिलेली टीप आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे आठशे वर्षांची. तेव्हा ‘नाताळ हा मुळात सूर्याचा सण’ हे विधान सिद्ध झालेले सत्य म्हणून मांडता येत नाही आणि निखालस खोटे म्हणून झटकूनही टाकता येत नाही.

तारीख कशीही ठरली असो, त्या काळच्या धर्मगुरूंना खरी चिंता वर्तमानातील कृतीची होती. ऑगस्टीनने आपल्या नाताळच्या प्रवचनात श्रोत्यांना हा दिवस सूर्यासाठी नव्हे तर सूर्याच्या निर्मात्यासाठी पाळण्यास बजावले. पोप लिओ पहिले यांनी पाचव्या शतकाच्या मध्यावर, संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून गेल्यावर मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करणाऱ्या ख्रिस्ती भाविकांची कानउघाडणी केली. ती नतमस्तक माणसे येशूच्या जन्मोत्सवालाच आलेली होती आणि सण निःसंशय ख्रिस्ती होता. तरीही कृती संदिग्ध होती. सणाचा दाखला शुद्ध असला म्हणून त्यात केलेली प्रत्येक कृती शुद्ध ठरत नाही, हा धडा यातून मिळतो, आणि त्याची उलट बाजूही तितकीच खरी आहे.

ईस्टरची कथा थोडक्यात आटोपता येते. सणाचा गाभा यहुदी वल्हांडणाशी जोडलेला आहे आणि तो इंग्लंड ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता. ‘इओस्त्रे’ नावाच्या देवीवरून इंग्रजी महिन्याला आणि पुढे सणाला नाव पडले, हे आठव्या शतकातील बीड या इंग्रज मठवासी विद्वानाच्या ७२५ च्या कालगणनाविषयक ग्रंथातील एका परिच्छेदावर अवलंबून आहे. त्यात अंडी नाहीत आणि ससेही नाहीत. देवी, ससा आणि अंडे यांची आजची लोकप्रिय कहाणी एकोणिसाव्या शतकातील लोकविद्येच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या वाचकांनी विणलेली आहे.

ख्रिस्तेतर रूढी जाणीवपूर्वक स्वीकारण्याचा निर्णय लेखी स्वरूपात पाहायचा असेल, तर पोप ग्रेगरी पहिले यांच्या ६०१ मधील पत्रव्यवहाराकडे वळावे लागते. त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी केंटचा राजा एथेलबर्ट याला मूर्तिपूजा मोडून काढण्याचा आणि देवळे उद्ध्वस्त करण्याचा उपदेश केला. महिना पुरा होण्याच्या आत, जुलैमध्ये, इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस या मठाधिपतीला त्यांनी विचारांती बदललेले मत कळवले. देवळे पाडू नयेत, फक्त मूर्ती हलवाव्यात, पवित्र जल शिंपडून तेथे वेदी उभाराव्यात, आणि लोक बैल कापून मेजवानी करतच आले आहेत तर हुतात्म्यांच्या स्मरणदिनी देवळाभोवती फांद्यांचे मांडव घालून त्यांनी ते बैल देवाचे आभार मानून खावेत, असे त्या पत्रात आहे. त्यामागचा युक्तिवाद असा की उंचावर चढणारा माणूस पायरीपायरीने चढतो, एका उडीत नाही. बीडने आपल्या ७३१ च्या इतिहासात हे पत्र जपून ठेवले, म्हणून ते आज वाचता येते. या धोरणाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही, ती ही की मांडव आणि बैल राहिले तरी त्या बैलाचा बळी ज्या दैवताला जात होता ते दैवत राहिले नाही. ग्रेगरींची उदारता रूढीपुरती होती, उपासनेपुरती नव्हती.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने हा प्रश्न नव्या कायदेशीर काटेकोरपणाने मांडला. ल्यूथरच्या परंपरेने, शास्त्र ज्याला मना करीत नाही ते चालू शकते, ही भूमिका घेतली. कॅल्विनच्या परंपरेने, विशेषतः तिच्या स्कॉटिश आणि प्यूरिटन शाखांनी, उपासनेत शास्त्राने सांगितले असेल तेवढेच चालेल, असा नियम धरला. या नियमाला धरून इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण रद्द केले, आणि मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला, जो १६८१ मध्ये उठवला गेला. प्यूरिटनांच्या भूमिकेची थट्टा करणे सोपे असले, तरी त्यांचा मूळ आक्षेप सणाच्या ख्रिस्तेतर मुळाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, माणसाने केलेला नियम देवाच्या आज्ञेइतका बंधनकारक करण्याला होता. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील अलेक्झांडर हिस्लॉप या धर्मोपदेशकाने ‘द टू बॅबिलॉन्स’ या पुस्तकात सारे कॅथलिक सण प्राचीन बाबेलला नेऊन भिडवले, आणि केवळ ध्वनिसाम्यावर उभी केलेली ती मांडणी आजही पत्रकांतून फिरते. रॅल्फ वुड्रो या अमेरिकन धर्मोपदेशकाने तिच्या आधारे १९६६ मध्ये लोकप्रिय पुस्तक लिहिले, पुढे पुरावे तपासल्यावर ते मागे घेतले आणि १९९७ मध्ये तिचे खंडन करणारे दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले. या विषयात इतका प्रामाणिकपणा विरळा आहे.

धर्मसुधारणेच्याच काळात एक महत्त्वाची संकल्पना पुढे आली. ‘अदियाफोरा’ म्हणजे ज्या गोष्टी शास्त्राने सांगितलेल्या नाहीत आणि निषिद्धही ठरवलेल्या नाहीत, अशा उदासीन बाबी. १५४८ मध्ये जर्मनीत सम्राटाच्या दडपणाखाली काही जुने विधी पुन्हा लादले जाऊ लागले, तेव्हा मेलांख्थॉन या ल्यूथरन धर्मपंडिताने त्यांना उदासीन मानून मान तुकवली. त्याच परंपरेतील फ्लासियसने मात्र बजावले की श्रद्धेची कबुली देण्याची वेळ आली असता सक्तीने लादलेली कोणतीही गोष्ट उदासीन राहत नाही. १५७७ च्या ल्यूथरन श्रद्धासूत्राने फ्लासियसच्या बाजूने कौल दिला.

भारतातील इतिहासाने या तत्त्वाची दुसरी बाजू दाखवली. मदुरैत १६०६ पासून काम करणाऱ्या रोबेर्तो दे नोबिली या जेझुइटाने जानवे, शेंडी आणि चंदन ही सामाजिक दर्जाची चिन्हे आहेत, उपासनेची नव्हेत, असा युक्तिवाद केला, आणि पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२३ मध्ये तो काही अटींवर मान्य केला. पुढे १७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी या मलबारी रीतींवर कडक बंधने घातली, आणि त्यासंबंधीची शपथ १९४० मध्ये रद्द झाली. परंतु जानवे ‘केवळ सामाजिक’ ठरवले की ख्रिस्ती उपासनेच्या दारातून जातिभेद आत येतो, आणि जो आक्षेप मूर्तीला होता त्याहून मोठा आक्षेप माणसाच्या अवमानाला घ्यावा लागतो. रूढी धार्मिक नाही एवढे सिद्ध केल्याने तिचा नैतिक निवाडा पूर्ण होत नाही, हे युरोपीय वादात फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

गोव्यात ग्रेगरी पहिले यांच्या पत्राच्या नेमके उलट घडले. इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने १७३६ च्या फर्मानात तेथील ख्रिस्ती लोकांच्या अंगणातील तुळस, लग्नातील हळद, विड्याची पाने आणि सुपारी यांची देवघेव, स्थानिक वाद्ये, धोतर आणि चोळी यांवर बंदी घातली. अनंत काकबा प्रियोळकर यांनी या न्यायालयावर लिहिलेल्या ग्रंथामुळे या फर्मानाचा तपशील अभ्यासकांपुढे आला. हळदीला आणि सुपारीला उपासनेचा दर्जा त्यांचा वापर करणाऱ्यांनी जितका दिला नव्हता तितका बंदी घालणाऱ्यांनी दिला. तरीही लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावण्याची ‘रोस’ ही रीत गोव्याच्या कॅथलिक घरांत आजही टिकून आहे, आणि ऑगस्टमध्ये भाताची नवी कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करण्याचा ‘कणसांचें फेस्त’ राय गावापासून सुरू होतो. हिंदू शेजारी ज्या नवान्नाचा मान चतुर्थीच्या दिवसांत करतात त्याच पिकाचे हे आभारप्रदर्शन आहे. पीक एक, हंगाम एक, आणि आभार मानण्याचे ठिकाण वेगळे. त्याच भूमीत १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले आणि त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ असा शब्द आला. पुढे नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये, अंधश्रद्धा आणि भ्रम यांत अविभाज्यपणे गुंतलेल्या नसतील अशा रूढींना उपासनेत स्थान देण्याची मुभा दिली, तेव्हा मराठीत ती वाट साडेतीनशे वर्षांपूर्वीच पाडली गेली होती.

उरतो तो जिवंत सणांचा प्रश्न, आणि येथे पौलाचे तीन प्रसंग मराठी वाचकाला सहज ओळखता येतात. दिवाळीत शेजारून आलेले फराळाचे ताट बाजारातल्या मांसाहूनही निर्वेध आहे. सत्यनारायणाच्या पूजेचा प्रसाद म्हणून हातावर ठेवलेला शिरा हा ‘नैवेद्य आहे’ असे सांगितलेला प्रसंग आहे. आणि पूजेला यजमान म्हणून बसणे हे तिसऱ्या प्रसंगातील, दुसऱ्या दैवतांच्या मेजावर बसणे आहे. पहिल्या आणि तिसऱ्या टोकाविषयी फारसे दुमत नसते. मतभेद मधल्या प्रसंगात होतात, आणि तेथे एका कुटुंबाचा निर्णय दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय ‘दुर्बळ बंधू’ म्हणून पौल ज्याची काळजी घेतो, तो महाराष्ट्रात कोण, हाही विचार करावा लागतो. गावगाड्यातील सणांत ज्यांच्या वाट्याला मानाऐवजी मेलेली जनावरे ओढण्याचे काम आणि उष्टे आले, अशा समाजांतून अहमदनगर परिसरातील कितीतरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्यापैकी कोणाला एखाद्या सणापासून दूर राहावेसे वाटले, तर त्याला संकुचित म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान ठरेल.

या सर्व पुराव्यांवरून निघणारा निष्कर्ष असा की सणाचे मूळ एकट्याने काहीही ठरवत नाही. आठवड्याच्या वारांना सूर्य, चंद्र आणि ग्रहदेवतांची नावे आहेत, तरी रविवारी उपासनेला जमणारा कोणीही ख्रिस्ती सूर्याची पूजा करीत नाही. निर्णय करायचा तो चार गोष्टींवर : आज ही कृती कोणाला अर्पण होते, पाहणारा तिचा काय अर्थ घेतो, ती मोकळेपणाने केली जाते की सक्तीने, आणि तिच्यात कोणाचा मान जातो. वाचकाने हे विवेचन वाचताना आपल्या घरातील प्रत्येक रीत या चारही प्रश्नांपुढे ठेवून पाहावी, ज्या रीती टिकतील त्या निःशंक मनाने पाळाव्यात, ज्या टिकणार नाहीत त्या सोडाव्यात, आणि शेजारच्या ख्रिस्ती घराने वेगळे उत्तर काढले तर त्याच्या श्रद्धेवर शंका घेऊ नये.